पुढच्या दाराची पायरी

एल्डरकोट, नॉर्थँप्टनशायर
६ फेब्रुवारी १९५५

प्रिय हेस्टर,

तू वर्तमानपत्रात वाचून मला फैलावर घेण्याआधी मीच सांगतो. मोठं घर पाडणार आहेत. म्हाताऱ्या साहेबांच्या नातवाला ते नको आहे, आणि लढाईत सैन्याने सहा वर्षं राहून त्याची जी दशा करून ठेवली ती पाहता त्याला दोष तरी काय द्यायचा. जिन्याच्या कठड्यावर पोरांनी चाकूने नावं कोरली आहेत आणि वाचनालयात कोळसा भरला होता. गेल्या आठवड्यात लिलाव झाला. दारांच्या मुठीसुद्धा गेल्या.

पाडकामाचा मुकादम डॉकरी म्हणून एक गृहस्थ आहे. माणूस वाईट नाही, पण दगड आणि वीट यातला फरक त्याला फक्त वजनाने कळतो. पुढचा जुना देवडीचा भाग, तो खांबांवर खांब चढवलेला, एका संग्रहालयाने घेतला आहे. तो चिरा न् चिरा सुटा करून तिकडे पुन्हा उभा करायचा आहे, म्हणून प्रत्येक चिऱ्यावर आकडा घालायला जाणता माणूस हवा होता. तर सदुसष्टाव्या वर्षी तुझा भाऊ पुन्हा कामावर लागला आहे. डबा मीच भरतो. माझी एडी वारल्यापासून माझ्या हातचं खाऊन मांजरसुद्धा शेजारी राहायला गेलं.

घरचं म्हणशील तर यंदाच्या थंडीने आपल्या पुढच्या दाराची पायरी उचलली. दार घासायला लागलं म्हणून काल ती पहारीने काढून उलटी केली. बाबांनी बसवल्यापासून मातीत तोंड खुपसून पडलेली, पण खालच्या अंगावरचे छिन्नीचे घाव अजून काल मारल्यासारखे आहेत. सगळे उजवीकडून डावीकडे उतरणारे, एकसारखे. कडेला थोडी गोलाई दिसते, बाकीची छाटलेली आहे. कुठला तरी बाद दगड आणला असणार त्यांनी. माती ठोकून पुन्हा बसवली, आता दार लोण्यासारखं चालतं.

तुझा खोकला कसा आहे ते लिही.

तुझा
विल्फ

*

हल, १४ फेब्रुवारी १९५५

प्रिय विल्फ,

खोकला जिथे होता तिथेच आहे. मी वर्तमानपत्र वाचत नाही, शेजारीण वाचते आणि भिंतीतून ऐकू येतं.

मोठं घर पडतंय हे वाचून मी रडेन असं तुला वाटलं असेल. नाही रडले. तिथल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर माझे गुडघे गेले आहेत. पण लहानपणी बाबांचा डबा घेऊन जायचे तेव्हा संध्याकाळच्या उन्हात ती दक्षिणेची भिंत भाजलेल्या पावाच्या रंगाची व्हायची, ते मात्र आठवलं. डबा गार होईस्तोवर मी उभी राहायचे आणि मग बाबांच्या शिव्या खायचे.

आता एक काम सांगते. हसण्यावारी नेऊ नकोस.

१९११ साली बांधलेली नाचघराची बाजूही पाडतीलच. तिच्या आग्नेय कोपऱ्यावरचा, छपराखाली बाहेर आलेल्या कॉर्निसचा तो दगड तुला माहीत आहे. खालचा पापुद्रा सुटून लेटी फॉसीच्या डोक्यात पडला, तोच. बिचारी माझ्याबरोबरची मोलकरीण, गालिचा झटकायला बाहेर आली होती, जागीच गेली. पडला तो फक्त खालचा थर. वरचा भाग अजून भिंतीतच आहे, तिथे ठिगळ लावलंय. त्याच्या माथ्यावर, शिशाच्या पत्र्याखाली, ज्याने तो घडवला त्या पाथरवटाची खूण असणार. मला ती खूण कुणाची आहे ते कळायला हवं.

मी पाथरवटांच्या मुकादमाची पोर आहे, विल्फ. भिंतीतला दगड खाणीत झोपला होता तसाच झोपवायचा, पण बाहेर झुकणाऱ्या कॉर्निसच्या दगडाचे थर उभे हवेत, फळीवरच्या पुस्तकांसारखे. आडवे ठेवले तर एखाद्या कडक थंडीत खालचं पुस्तक गळून पडतं. हे सहा महिने शिकलेल्यालाही ठाऊक असतं. तरी चौकशीत बाबांनी सांगितलं की दगड अमोसचा, आणि सगळ्यांनी मान डोलावली. अमोस परगावचा होता, डावखुरा होता, तेवढं पुरलं.

माझं त्याच्याशी लग्न ठरलं होतं. चर्चमध्ये लग्नाआधी तीनदा वाचतात ती आमची नावं दोनदा वाचूनसुद्धा झाली होती. तिसऱ्यांदा वाचायच्या आधीच मी त्याला कळवलं की पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. चार वर्षांनी तो फ्रान्समध्ये मेला. मी त्याला न्यायाने घालवलं की अन्यायाने, एवढंच मला मरायच्या आधी कळू दे.

हेस्टर

*

एल्डरकोट, ३ मार्च १९५५

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र मिळालं. उशीर झाला त्याला कारण देवडी. तिचे तीनशे बारा चिरे निघाले आणि माझी बोटं अजून खडूने पांढरी आहेत.

मोठं घर आतून पाहिलंस तर ओळखणार नाहीस. आधी छपरावरचं शिसं उतरवलं, मग तुळया काढल्या. ओकचा जिना अमेरिकेला गेला. आता जेवणघरात उभं राहिलं की वर तिसऱ्या मजल्यावरच्या शेगड्या हवेत लटकलेल्या दिसतात, प्रत्येकीभोवती वेगवेगळ्या रंगाचा भिंतीवरचा कागद. एकीवर गुलाब आहेत. ती लेटीची आणि तुझी खोली असेल का?

आणि ऐक, त्या भिंती. आयुष्यभर मी सांगत आलो की एल्डरकोट म्हणजे तीन फूट अखंड दगड. बाहेरून सहा-सात इंच घडवलेला चिरा, आतून तसाच एक, आणि मध्ये नुसता भर. खडी, चुना, फुटक्या कौलांचे तुकडे, एका ठिकाणी मेंढीची कवटी. डॉकरी म्हणाला, "ट्रँटर, तुझं हे मोठं घर म्हणजे नुसतं सोंग रे!" मी म्हटलं, "दोनशे वर्षं उभं राहणारं सोंग तू करून दाखव, मग बोलू."

तू सांगितलेल्या कामाचं म्हणशील तर नाचघराची बाजू ईस्टरनंतर पाडतील. डॉकरी तिथे पोलादी दोर बांधून ट्रॅक्टरने ओढणार, असं वाटतं. मग खूण कसली आणि माथा कसला, सगळा ढीगच. त्रेचाळीस वर्षं झाली गं. लेटी गेली, बाबा गेले, तो गेला. हर्बर्टसारखा भला नवरा तुला मिळाला, औषधांचं दुकान चाललं, दोन पोरी नांदत्या आहेत. कशाला उकरतेस?

परसातला रुबार्ब वर आलाय. मुरंबा करून पाठवतो.

विल्फ

*

हल, ९ मार्च १९५५

विल्फ,

रुबार्ब तुझ्याकडेच ठेव.

डॉकरीला तुझी गरज आहे. एक दगड दोराने न ओढता हाताने उतरव, इतकं सांगायला तुझी जीभ झडणार नाही. तू जाणार नसशील तर मी येते. छातीचा भाता वाजतो म्हणून मी शिडी चढणार नाही असं समजू नकोस.

अमोसने मला एकच पत्र पाठवलं होतं. ते तुला माहीत आहे, पण शब्द आठवत नसतील, म्हणून लिहिते. "हेस्टर, तो दगड माझा नव्हता. कुणाचा ते मी सांगणार नाही आणि तूही कुणाला विचारू नकोस. तू विश्वास ठेवलास तर मला तेवढं पुरे."

मी एकोणीस वर्षांची होते. पत्र घेऊन तडक बाबांकडे गेले. चष्मा सापडत नाही म्हणून त्यांनी ते तुझ्या हातात दिलं आणि तू मोठ्याने वाचून दाखवलंस. बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या माथी मारणारच तो." मी बाबांवर विश्वास ठेवला.

आता दगडाला विचार.

हेस्टर

*

एल्डरकोट, २० एप्रिल १९५५

प्रिय हेस्टर,

झालं तुझ्या मनासारखं. काल डॉकरीने कप्पी लावून तो दगड खाली उतरवू दिला. आता हिरवळीवर ठेवलाय. वरचं शिसं मी स्वतः सोलून काढलं.

खूण अमोसचीच आहे. तीन रेघा आणि वर आडवी एक, त्याची नेहमीची. स्वच्छ दिसते, शंकेला जागा नाही.

तेव्हा आता शांत हो. तू केलंस ते बरोबरच होतं. पोरगा मनाचा वाईट नव्हता, घाईत चुकला आणि कबूल करायची हिंमत झाली नाही. तरण्या वयात कुणाचंही असं होतं. देव त्याला क्षमा करो. तू स्वतःला इतकी वर्षं बोल लावत होतीस हे मला माहीत असतं तर मी आधीच शिडी लावली असती.

मुरंबा पाठवलाय. जरा पातळ झालाय, चहात घालून पी.

तुझा
विल्फ

*

हल, २८ एप्रिल १९५५

विल्फ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खुर्चीत बसून हुंदके देऊन रडले. सुटले, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मटण आणलं, पुदिन्याची चटणी केली, शेजारणीला जेवायला बोलावलं. ती म्हणाली, "आज काय विशेष, मिसेस लाइल?" मी म्हटलं, "एका माणसाचा राग करायला मला हक्क होता हे कळलं." तिला वाटलं, माझं डोकं फिरलं.

काल सकाळी पायरी घासायला बसले. इकडे हे रोजचं असतं, तुला माहीत आहे. दाराची पायरी ओल्या फडक्याने पुसायची आणि कडेने पांढरा दगड चोळायचा. जिची पायरी काळी, तिच्याशी गल्लीत कुणी बोलत नाही. मी कडा चोळत होते आणि तुझं फेब्रुवारीतलं पत्र आठवलं. हातातला दगड हातातच राहिला.

आपली पायरी बाबांनी कधी बसवली, विल्फ? लेटीला पुरलं त्याच आठवड्यात. सगळं गाव सुतकात आणि बाबा पुढच्या दारात खणत होते. आईने विचारलं, "आताच सुचलं का हे?" ते खणतच राहिले. नवीन पायरी बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः मागच्या दाराने ये-जा करायला लागले. "गुडघे दुखतात, पुढची चढण होत नाही," म्हणायचे. मागच्या दाराला तर तीन पायऱ्या होत्या! बारा वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी त्या दगडावर पाऊल ठेवलं नाही. आईसुद्धा त्यांना हसायची.

आणि तूच लिहिलंयस की उलट्या बाजूचे घाव उजवीकडून डावीकडे उतरतात, कडेला गोलाई आहे. अमोस डावखुरा होता रे. त्याच्या छिन्नीचे घाव नेहमी उलटे पडायचे, डावीकडून उजवीकडे. नाचघराचं काम चालू होतं तेव्हा भिंतीला टेकलेल्या चिऱ्यांतून त्याचे चिरे मी लांबून ओळखायचे आणि तू मला चिडवायचास, "बघा, आपली हेस्टर दगडांना डोळे मारतेय." विसरलास?

हिरवळीवरच्या त्या दगडाच्या माथ्यावर घाव कुठल्या बाजूचे आहेत, ते तू लिहिलं नाहीस. तुझ्यासारखा माणूस खूण बघेल आणि घाव बघणार नाही?

आता मी सांगते तसं कर. पायरी काढ. हातगाडीवर घाल. मोठ्या घरी ने आणि त्या दगडाच्या फुटक्या बाजूला लावून बघ. जुळते की नाही, एवढंच लिही. पुन्हा खोटं लिहिलंस तर मला भाऊ नव्हता असं मी समजेन.

सप्टेंबर १९१३ मध्ये लग्नाला निघताना पांढरे बूट घालून मी त्याच पायरीवरून उतरले. आईने मागून तांदूळ टाकले होते.

हेस्टर

*

एल्डरकोट, १५ मे १९५५

हेस्टर,

जुळते.

डॉकरीच्या एका माणसाला घेऊन पायरी नेली. दगड पालथा करून ठिगळ काढलं, फुटकी बाजू वर केली आणि पायरी त्यावर उतरवली. थोडी सरकवली, आणि मग ती बसली. दोन्ही दगडांतली शिंपल्याची एक काळी रेघ अर्धी इकडे, अर्धी तिकडे होती, ती पूर्ण झाली. मध्ये पावलांनी झिजलेला खळगा सोडला तर सुरीचं पातं जाईल एवढी फट राहिली नाही. डॉकरी पाइप पेटवत म्हणाला, "वा रे वा, हे कुठे सापडलं?" मी म्हटलं, "घरी."

माथ्यावरची खूण बाबांची आहे. होडीसारखी. घाव उजव्या हाताचे.

आता सगळं लिहितो, कारण नाही लिहिलं तर पुन्हा कधी लिहिणार नाही.

१९११ च्या उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्यांत पडदा उतरला होता. चष्मा हरवला नव्हता, हेस्टर. चष्म्याचा उपयोगच उरला नव्हता. मी, आई, आणि नंतर अमोस, एवढ्यांनाच माहीत होतं. मुकादमाने दगड घडवायचा नसतोच, तो फक्त बघतो, म्हणून निभावत होतं. दगडाचे थर ते जिभेने ओळखायचे, ओला करून, बोट फिरवून. पण साहेब एकदा म्हणाले, "ट्रँटर, कोपऱ्याचा चिरा तुमच्या हातचा हवा." बाबांना नाही म्हणवेना. शेडचं दार लावून त्यांनी तो तीन दिवस घडवला. गोलाई अशी सुंदर काढली होती की अमोसने टोपी काढली. फक्त थर आडवे झाले होते.

तो बसवणारा मी होतो. वर परांचीवर, दगड दोरखंडात लटकलेला, आणि मला ऊन पडल्यावर थर दिसले. आडवे, पुस्तकांच्या ढिगासारखे. खाली बाबा मान वर करून उभे होते. त्यांना मी दिसत नव्हतो, पण माझा आवाज येणार म्हणून थांबले होते. "बसला का रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बसला, बाबा."

एवढंच. त्या एका शब्दावर लेटी गेली.

चौकशीत कारभाऱ्याने विचारलं की कुणाचा दगड. बाबांनी अमोसचं नाव घेतलं. खरं सांगितलं असतं तर मुकादमकी गेली असती, आणि घर मुकादमकीबरोबर होतं. आई, तू, मी, धाकटी दोन भावंडं, सगळे रस्त्यावर. अमोसला हे माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता, हेस्टर. तो बोलला नाही कारण ते तुझं घर होतं. मी बोललो नाही कारण ते माझं होतं.

मग तू त्याचं पत्र घेऊन आलीस आणि बाबांनी ते मला वाचायला दिलं. मी ते शेवटपर्यंत वाचलं. माझा आवाज कापला का ते तुला आठवतं?

पायरी म्हणजे तोच तुकडा आहे हे मला माहीत नव्हतं. फेब्रुवारीत गोलाई पाहिली तेव्हा कळायला हवं होतं. कळून घ्यायचं नव्हतं. बाबांनी घाव जमिनीकडे करून पुरले, कुणी हात ओळखू नये म्हणून, आणि मग त्यांना त्यावरून चालवेना.

त्यांना शिव्या दे, पण मलाही दे. त्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

विल्फ

*

एल्डरकोट, ३० जून १९५५

प्रिय हेस्टर,

सहा आठवडे झाले. तुझी मुलगी लिहिते की तू बरी आहेस आणि माझं नाव घेत नाहीस. तुझा अधिकार आहे. तरी कळवतो.

नाचघराची बाजू पडली. मधलं अंग गेल्या बुधवारी. दोर ताणला की भिंत क्षणभर काही करत नाही, मग गुडघ्यातून वाकल्यासारखी बसते. धूळ दोन दिवस गावात होती, मॉड फॉसीच्या वाळत घातलेल्या चादरी पिवळ्या झाल्या. आता तिथे नुसतं आकाश आहे. रोज सकाळी खिडकीतून बघतो आणि रोज दचकतो.

त्याच मॉडकडे गेलो होतो. लेटीची धाकटी बहीण, पोस्टात बसते. तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून सगळं सांगितलं. तिने किटली शेगडीवरून उतरवली. मग म्हणाली, "अमोसची आई दर नाताळला आम्हाला कार्ड पाठवायची. आम्ही न उघडता परत धाडायचो. शेवटचं मी धाडलं, माझ्या हाताने शिक्का मारून." मला तिने बस म्हटलं नाही. निघालो तेव्हा म्हणाली, "रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगशील, की मी सांगू?" मी सांगितलं. पहिल्या बाकापाशी उभं राहून, पाद्रीबाबांच्या आधी. बाहेर आल्यावर म्हातारा पेनरोज माझ्याजवळून टोपीला हात न लावता गेला.

चौकातल्या क्रुसावर लढाईत पडलेल्यांची चौदा नावं मी १९२० साली कोरली. अमोसचं नाव यादीत नाही म्हणून कमिटीतल्या कुणीच विचारलं नाही. छिन्नी माझ्या हातात होती आणि मीही विचारलं नाही.

आता पायरीवर त्याचं नाव कोरलं आहे. अमोस हेलियर, पाथरवट. डाव्या हाताने कोरलं. उजव्यात छिन्नी, डाव्यात हातोडा. आधी दोन फुटके चिरे सरावाला वाया घालवले, अंगठा दोनदा सुजला. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी आली आहेत. माझ्या हाताखाली कुणी असं काम केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. पण घाव डावीकडून उजवीकडे उतरतात. तुला लांबून ओळखता येतील.

पाद्रीबाबा म्हणतात, क्रुसाच्या पायथ्याशी बसवायला हरकत नाही. तू सांगशील तसं करतो. नाही सांगितलंस तर दगड शेडमध्ये राहील आणि मी रोज त्यावरची धूळ पुसेन.

विल्फ

*

हल, १२ ऑगस्ट १९५५

विल्फ,

तुला काय लिहावं ते मला कळत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

बाबांचा राग येतो, मग ते मान वर करून उभे होते ते डोळ्यांपुढे येतं आणि राग कुठे ठेवावा ते कळत नाही. तुझा राग मात्र ठेवायला भरपूर जागा आहे. पण सगळ्यांत जास्त मी माझ्यावर चिडते. अमोसने माझ्याकडे पुरावा मागितला नव्हता. विश्वास मागितला होता, आणि मी त्याच्या बिऱ्हाडापर्यंत चार मैल चालत जाऊन त्याला विचारलं नाही, तू हे का सांगत नाहीस म्हणून. मी त्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतलं. हर्बर्ट चांगला होता. माझ्या पोरी चांगल्या आहेत. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं मी घेऊन बसले होते असं आता वाटतं, आणि परत द्यायला तो माणूस नाही.

दगड क्रुसापाशी बसव. झोपवू नकोस, उभा कर. थर उभे राहतील असा. त्याने तसाच बसवला असता. अक्षरं वाकडी राहू देत, दुरुस्त करू नकोस.

पुढच्या दारात जो खड्डा राहिला असेल त्यात दुसरी पायरी घालू नकोस. ते दार आता तसंच असू दे. येणाऱ्याजाणाऱ्याने तिथे अडखळावं आणि विचारावं, पायरी कुठे गेली, आणि दर वेळी तू त्याला सांगावंस. मागच्या दाराने जायचं नाही. तू तर मुळीच नाही.

मी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येते, सव्वादोनच्या गाडीने. स्टेशनवर येऊ नकोस, मी चालत येईन, आधी क्रुसाकडे जाईन. नंतर घरी. मीही पुढच्या दारानेच येईन. दारात उभा राहा आणि मी खड्ड्यापाशी आले की हात पुढे कर. माझे गुडघे खरंच दुखतात.

हेस्टर